गावातल्या कार्यक्रमात गणिताच्या इतिहासातल्या गोष्टी: काय सांगावं, कसं करून दाखवावं?

वावर_आणि_वही (दारव्हा, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. २२ डिसेंबरला, रामानुजन जयंतीला, गावात संध्याकाळी तासाभराचा कार्यक्रम घ्यायचं ठरतंय. जागा समाजमंदिर आणि त्यासमोरचं पटांगण. येणारी माणसं: आठवीपर्यंतची पोरं, बचत गटाच्या बाया, शेतकरी, दोन-तीन गवंडी आणि नेहमीची पारावरची म्हातारी मंडळी. कापसाचा वेचा सुरू असणार, म्हणजे लोक जेवूनखावून आठला येतील, थकून. लाइनीचा भरवसा नाही, त्यामुळे प्रोजेक्टर डोक्यातून काढून टाकलाय.

"थोर गणितज्ञांची चरित्रं" असं भाषण नको आहे. जन्म, गरिबी, कष्ट, सन्मान, टाळ्या. यात गणित कुठंच येत नाही. त्या काळात तो प्रश्न कसा सोडवला हे लोकांच्या हाताला कळलं पाहिजे. लीलावतीच्या मोत्याची गोष्ट सांगावी की नाही? "शून्याचा शोध आर्यभटानं लावला" हे बरोबर आहे का? आणि विदर्भाशी जोडता येईल असं काही आहे का? जाणकारांनी सांगावं.

---

खळं_ते_खारी

भाऊ, तुमच्या श्रोत्यांसाठी लीलावतीतला सगळ्यात चांगला भाग कमळ-भुंग्यांचा नाही, धान्याच्या राशीचा आहे. भास्कराचार्यांचा हा गणिताचा ग्रंथ ११५० चा. त्यात "राशिव्यवहार" म्हणून छोटं प्रकरण आहे: खळ्यावर पडलेला धान्याचा ढीग न मोजता, फक्त दोरीनं, किती आहे ते काढायचं.

नियम असा. ढिगाचा घेर मोजा. घेराला ६ नं भागा, त्याचा वर्ग करा, त्याला उंचीनं गुणा. झालं घनफळ. माप हातात घेतलं तर उत्तर घनहातात येतं. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल अशा पेटीत मावेल त्याला भास्कराचार्य एक खारी म्हणतात. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, त्याचा चौथा प्रस्थ, त्याचा चौथा कुडव. (कुडव हे नाव म्हाताऱ्या मंडळींच्या ओळखीचं निघेल. पण त्यांचा कुडव आणि हा कुडव एकच समजून हिशेब जुळवायला जाऊ नका, माप वेगळं आहे.)

उंचीचासुद्धा अंदाज दिलेला आहे, आणि तो धान्यानुसार बदलतो. जाड दाण्याचा ढीग असेल तर उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी, बारीक दाण्याचा अकराव्या, आणि कुसळाच्या धान्याचा नवव्या. कुसळं एकमेकांत अडकतात, ढीग उभा राहतो. बारीक दाणा घसरतो, ढीग पसरतो. हे वाक्य शेतकऱ्यांसमोर म्हणा, पुढचं ते स्वतःच सांगतील.

करून दाखवायला साडेचार किलोच्या आसपास तूर पुरते. ताडपत्री नको, तिला सुरकुत्या पडतात. सपाट फरशी किंवा प्लायवुड घ्या. पोत्याचा कोपरा कापून एकाच जागेवरून, हळू, हात न हलवता ओता. घेर सुतळीनं घ्या, मग सुतळी टेपवर ताणून वाचा. उंचीसाठी ढिगात काडी खुपसू नका, टोक खचतं. ढिगाच्या दोन्ही बाजूंना विटा रचून वर सरळ पट्टी टेकवा आणि पट्टीपासून जमिनीपर्यंत मोजा.

समजा घेर १३२ सेंमी आला आणि उंची १२. १३२ भागिले ६ म्हणजे २२. २२ चा वर्ग ४८४. गुणिले १२ म्हणजे ५८०८ घन सेंमी, पावणेसहा लिटरच्या किंचित वर. मग ढीग लिटरच्या मापानं भरून मोजा. माप साडेपाचच्या जवळ येईल. नियम थोडा जास्त सांगतो, आणि हाच कार्यक्रमाचा खरा मुद्दा आहे.

जास्त का सांगतो? कारण घेर म्हणजे व्यासाच्या तिप्पट असं धरलंय. तसं धरलं की त्रिज्या म्हणजे घेराचा सहावा भाग, आणि शंकूचं घनफळ म्हणजे त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची, इतकं सुटसुटीत होतं. एक तृतीयांश आणि तीन एकमेकांना खाऊन टाकतात. भास्कराचार्यांना तीन हा आकडा ढोबळ आहे हे पक्कं माहीत होतं. त्याच ग्रंथात त्यांनी ढोबळ कामाला २२/७ आणि सूक्ष्म कामाला ३९२७/१२५० दिलेलं आहे. खळ्यावर तीन धरून काम भागतं, एवढंच. दुरुस्ती करायची तर उत्तरातून बाविसावा भाग वजा करा. २२/७ धरून हिशेब केला की नेमका तेवढाच फरक निघतो: ५८०८ मधून २६४ गेले, राहिले ५५४४.

चूक कुठं होते ते सांगतो. काठावर उडालेले सुटे दाणे सुतळीच्या आत घेतले की घेर सहज सात-आठ सेंमीनं वाढतो, आणि घेराचा वर्ग होत असल्यामुळे उत्तर दहा टक्क्यांनी फुगतं. आधी काठ हातानं आत सारून घ्या. दुसरं, सोयाबीन वापरणार असाल तर उंची "दहावा भाग" धरू नका. गोल, गुळगुळीत दाणा, ढीग तेवढा चढत नाही. उंची मोजूनच घ्या.

जाता जाता बायाबापड्यांना आवडेल असं एक: त्याच ग्रंथातलं "निवर्तन" हे जमिनीचं माप. २० वंश लांब, २० वंश रुंद, आणि एक वंश म्हणजे १० हात. हात दीड फुटाचा धरला तर ३०० फूट बाय ३०० फूट, म्हणजे दोन एकर अडीच गुंठे. किती कोणाचं निवर्तन आहे ते सभेत विचारा, गलका होतो.

---

पूर्णाकाठ

विदर्भाचं विचारलंत म्हणून. कृष्ण दैवज्ञ हे नाव घ्या. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर "बीजपल्लव" ही टीका (म्हणजे ग्रंथ उलगडून सांगणारं लिखाण) त्यांची, १६०० च्या आसपासची. घराणं मूळचं विदर्भातलं, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा असं सर्वसाधारणपणे मानतात. पुढे घराणं काशीला गेलं. भाऊ रंगनाथ यांनी सूर्यसिद्धांतावर टीका लिहिली, पुतण्या मुनीश्वर यांनी लीलावतीवर. दधिग्राम म्हणजे अमुकच गाव असं स्टेजवरून ठोकून देऊ नका, नाही तर महिन्याभरात तीन गावांत कमानी उभ्या राहतील.

सांगण्यासारखं काय, तर ऋण संख्या. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम दिले. धन म्हणजे जवळ असलेलं, ऋण म्हणजे देणं. सगळे मास्तर हेच उदाहरण देतात: खिशात पाचशे, उधारी आठशे. आपल्याकडे हे टाळा. समोर बसलेल्यांत कोणाच्या घरात काय चाललंय ते माहीत नसतं. पीककर्ज थकलेल्या माणसापुढे "वजा तीनशे" म्हणून पोरांना हसवणं बरं दिसत नाही.

कृष्ण दैवज्ञांनी यातून वाट काढून ठेवलेली आहे. ते म्हणतात ऋणपण तीन तऱ्हेचं: देशाचं, काळाचं, वस्तूचं. देश म्हणजे दिशा. पूर्वेकडे जाणं धन धरलं तर पश्चिमेकडे जाणं ऋण. काळाचं म्हणजे पुढचे दिवस आणि मागचे दिवस. कर्ज हे फक्त तिसऱ्या तऱ्हेत येतं. म्हणून पटांगणात चुन्याची एक सरळ रेघ मारा, समाजमंदिराच्या पायरीसमोर शून्य. पोराला पूर्वेला ५ पावलं चालवा, मग पश्चिमेला ८. कुठं उभा आहे ते सगळ्यांना दिसतं, आकडा मागून येतो.

"वजा गुणिले वजा अधिक कसं" हे कोणी ना कोणी विचारणारच. देश आणि काळ दोन्ही एकदम वापरा. पोरगा पश्चिमेला चालतोय, टाळीगणिक २ पावलं. आत्ता तो शून्यावर आहे. ३ टाळ्यांपूर्वी कुठं होता? पूर्वेला ६ वर. पश्चिम हे ऋण, "पूर्वी" हे ऋण, उत्तर धन. (ही जोडणी आपली, कृष्ण दैवज्ञांच्या नावावर खपवू नका. त्यांचे ते तीन प्रकार तेवढे त्यांचे.) पोराला आधी उलटं चालवून बघा, कारण मागे चालताना पावलं लहान पडतात आणि सहाऐवजी पाचवरच थांबतो. रेघेवर पावलांच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या बऱ्या.

---

गुण्या_ओळंबा

गवंडी येणार म्हणता त मंग बांबूचं गणित सोडू नका. लीलावतीतलंच आहे. ३२ हाताचा बांबू वाऱ्यानं मोडला, शेंडा बुडापासून १६ हातावर टेकला. किती उंचीवर मोडला?

रीत अशी: १६ चा वर्ग २५६, त्याला ३२ नं भागलं, आले ८. ३२ मधून ८ वजा करून अर्धे केले, १२. ३२ मध्ये ८ मिळवून अर्धे केले, २०. म्हणजे १२ हातावर मोडला, वरचा तुकडा २० हाताचा.

करून दाखवाले १६० सेंमीची कामटी घ्या, एक हात म्हणजे ५ सेंमी. मोडू नका, बांबू उभा चिरत जाते. ६० सेंमीवर कापा आन् सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बिजागरीसारखं करा. आधी लोकायले अंदाज विचारा. बहुतेक जण "अर्ध्यातून" म्हणतात. मंग सोडा. शेंडा बरोबर ८० सेंमीवर टेकते. बूड ओळंब्यात धरा लागते. कामटी शेंडा पडते त्या अंगानं किंवा उलट अंगानं कलली की टेकायची जागा सरकलीच.

आता गवंड्याले बोलवा. ६०, ८०, १००. हे त त्याचं रोजचं ३-४-५, पाया आखताना गुण्या (काटकोन) याच मापानं तपासते. इथं बौधायनाच्या शुल्बसूत्राची दोरी काढायची: लांबट चौकोनाच्या कर्णावरची दोरी जेवढं क्षेत्र करते, तेवढं लांबी आन् रुंदी मिळून करतात. वेदी आखायसाठी ते लिहिलं होतं. ३-४ सोबत त्यात ५-१२, ८-१५, ७-२४ हेही येतात. ५-१२-१३ ची दोरी करून गवंड्याच्या गुण्याशी ताडून पाहा, बरोबर बसते. दोरीले गाठी मारू नका, गाठीत दोरी खपते आन् भाग लहानमोठे होतात. पेंटानं खुणा करा. नायलॉन दोरी ताणते, बांधणीची तार किंवा सुतळी घ्या.

एक सांगून ठेवतो. "इजिप्तचे लोक १२ गाठींच्या दोरीनं काटकोन करत" हे सगळीकडे लिहिलेलं राहते, पण त्याले तिकडचा सरळ पुरावा नाही. आन् मोडलेला बांबू फक्त आपलाच असंही म्हणू नका. चीनच्या "नऊ प्रकरणं" या जुन्या ग्रंथात १० ची (तिकडचं लांबीचं माप) उंचीचा बांबू, शेंडा ३ चीवर, असं गणित आहे, भास्कराचार्यांच्या हजारेक वर्षं आधीचं. उत्तर ४.५५ ची. वरचीच रीत लावून पाहा, येते.

---

शंकासूर

दंतकथांचं माझ्याकडे.

मोत्याची गोष्ट अवश्य सांगा, पण "असं सांगतात" म्हणून. मुहूर्त पाहायला घटिकापात्र ठेवलं, लीलावती वाकून बघताना तिच्या पोशाखातला मोती त्यात पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला, म्हणून वडिलांनी तिच्या नावानं ग्रंथ लिहिला. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादात येते. मूळ ग्रंथानंतर ४३७ वर्षांनी. भास्कराचार्यांनी स्वतः यातलं काहीच लिहिलेलं नाही.

गोष्ट ऐकीव असली तरी यंत्र खरं आहे, ते दाखवा. लहान स्टीलची वाटी, बुडाच्या अगदी मध्यावर बारीक खिळ्यानं भोक. मध्यावर नसेल तर वाटी तिरपी होऊन आधीच बुडते. बादलीत सोडा, पाणी खालून चढतं, वाटी भरून बुडते. खरं घटिकापात्र २४ मिनिटांचं, दिवसरात्रीत ६० वेळा. तेवढा वेळ कोण बसणार? भोकाची रुंदी दुप्पट केली की वेळ साधारण चौथाईवर येतो, तसं करत दोन मिनिटांवर आणा. मोत्याच्या जागी प्लास्टिकचा मणी टाकलात तर पाणी वर आलं की तो उचलला जातो. ओवायच्या भोकातून गळतं ते वेगळंच. सायकलचा छर्रा टाका. बसला की वाटी तरंगत राहते.

आर्यभट आणि शून्य: ४९९ च्या आर्यभटीयात दर स्थान आधीच्या दसपट हे स्पष्ट आहे, पण शून्याची खूण त्यात नाही, आकडे तो अक्षरांनी लिहितो. शून्य ही संख्या धरून बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्ताचे, ६२८. (शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असंही त्यानं लिहिलंय, जे आज चालत नाही. लपवू नका, पोरांना मजा वाटते.) कोरलेलं शून्य बघायचं तर ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात, ८७६ मधलं: २७० हात लांबीची बाग आणि देवाला रोज ५० माळा. त्याहून जुनं कंबोडियात आहे, शके ६०५ असं लिहिताना मधे टिंब दिलंय, म्हणजे ६८३. शके म्हटल्यावर पंचांगवाली मंडळी कान टवकारतील.

आणि तो व्हॉट्सॲपवरचा प्रश्न येणारच, लिहून ठेवा: "शून्य नव्हतं तर रावणाची दहा डोकी मोजली कशी?" दहा मोजायला शून्य लागत नाही, १० असं लिहायला लागतं. घड्याळातला रोमन दहा दाखवा, त्यात शून्य कुठंय?

जर्मन गणितज्ञ गाऊसनं शाळेत १ ते १०० ची बेरीज क्षणात केली, ही गोष्ट सांगायची तर आकडे जपून. त्याच्या मृत्यूनंतर १८५६ मध्ये त्याच्या परिचितानं लिहिलेल्या मूळ हकिकतीत १ ते १०० हे आकडेच नाहीत. ते पुढच्या सांगणाऱ्यांनी घातले.

"वैदिक गणित" कोणी काढलं तर वाद घालू नका. पुस्तक १९६५ चं, १६ सूत्रं, आणि ती अथर्ववेदाच्या उपलब्ध परिशिष्टांत सापडत नाहीत. गुणाकाराच्या युक्त्या चालतात, त्या शिकायला हरकत नाही. पुढच्या गोष्टीवर जा.

---

वावर_आणि_वही

सगळ्यांचे आभार. पण हे सगळं तासात बसेल असं दिसत नाही. आणि जयंती रामानुजनची, त्यांचं काहीच नाही असं कसं चालेल?

---

सरकी_मोजणारा

नाही बसणार. रास, बांबू आणि एक आकड्यांचा खेळ, तीनच घ्या. रास सगळ्यात आधी. लाइन गेली तर अंधारात घेर मोजता येत नाही.

रामानुजनचं सरकीवर होतं. प्रत्येक रांगेला ४ सरक्या द्या. ढीग किती प्रकारे करता येतात? चारही एकत्र; ३ आणि १; २ आणि २; २, १ आणि १; चार सुट्या. पाच प्रकार. ५ सरक्यांचे ७, १० चे ४२. मग थांबा आणि १०० सरक्यांचा अंदाज विचारा. लोक हजार-दोन हजार म्हणतात. उत्तर १९ कोटी ५ लाख ६९ हजार २९२. असे आकडे एकेक ढीग न मोजता काढायचं सूत्र रामानुजन आणि इंग्रज गणितज्ञ हार्डी यांनी १९१८ मध्ये दिलं, आणि ते तपासायला मॅकमोहननं २०० पर्यंतचे आकडे हातानं काढले होते. वाटताना ३ आणि १ हा ढीग नि १ आणि ३ हा ढीग वेगळे धरू नका हे आधीच बजावा, नाही तर पाचाचे आठ होतात.

१७२९ चा टॅक्सीचा किस्सा (हार्डी म्हणाला टॅक्सीचा नंबर नीरस होता, रामानुजन म्हणाले नाही, दोन घनांची बेरीज दोन तऱ्हांनी होणारी ही सगळ्यात लहान संख्या) स्वतः हार्डीनं लिहिलेला आहे, म्हणून निःशंक सांगा. १७२८ अधिक १, १००० अधिक ७२९. दोन्हीकडे घनांची बेरीज. पण "हा गुण रामानुजननं शोधला" म्हणू नका, १६५७ मध्ये फ्रेनिकलनं तो लिहून ठेवलाय.

आकड्यांच्या खेळाला कापरेकर. डहाणूला १९०५ मध्ये जन्म, देवळालीला शाळामास्तर, १९४९ मध्ये ६१७४ सापडला. प्रत्येकाला आपलं जन्मसाल घ्यायला सांगा (आधारवरचं चालेल). अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलटे, वजा करा, परत तेच. शेवटी ६१७४ येतं आणि तिथंच अडकतं. २०११ घ्या: २११० उणे ०११२ म्हणजे १९९८. ९९८१ उणे १८९९, ८०८२. ८८२० उणे ०२८८, ८५३२. ८५३२ उणे २३५८, ६१७४. १९९९ ला सहा पायऱ्या लागतात. सातच्या वर कोणालाच लागत नाहीत. चारही अंक सारखे असले तर मात्र शून्य.

बिघडतं एका जागी. मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुढचं शून्य खातो. २१११ उणे १११२ केलं की तो ९९९ दाखवतो, आणि पोरगं ९९९ उणे ९९९ करून "शून्य आलं, खोटं आहे" म्हणून ओरडतं. ०९९९ लिहा, मग ९९९० उणे ०९९९ बरोबर ८९९१, आणि गाडी पुढे जाते. वहीत चार घरं आखून दिली की हा घोळ होत नाही.

---

धानवाला (साकोली)

राशीचं वाचलं. आमच्याकडे डिसेंबरात धानाच्या राशी लागलेल्याच असतात, पण मोकळ्या कमी, भिंतीला लागून जास्त. तिथं घेर कसा घ्यायचा?

---

खळं_ते_खारी

त्याचाही नियम तिथंच आहे, दादा. सपाट भिंतीला लागून असेल तर दिसतो तो घेर अर्धाच. त्याची दुप्पट करून हिशेब करा आणि उत्तर अर्धं करा. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर पाव. चौपट करा, शेवटी चारनं भागा. घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला गुंडाळून असेल तर पाऊण. चार तृतीयांशानं गुणा, शेवटी तेवढ्यानंच भागा. ग्रंथातली उदाहरणंही तशीच आहेत: भिंतीला ३० हात, आतल्या कोपऱ्यात १५, बाहेरच्या कोपऱ्यात ४५, सगळ्यांचा पूर्ण घेर ६०.

६० हातांची मोकळी रास जाड दाण्याची असेल तर उंची ६ हात आणि ६०० खारी. बारीक दाण्याची ५४५ आणि वर पाच अकरांश, कुसळाच्या धान्याची ६६६ आणि वर दोन तृतीयांश. धान तिसऱ्यात येतं. भिंतीची रास मोजताना दोरी भिंतीवरून फिरवायची नाही, फक्त मोकळ्या बाजूनं घ्यायची. रासेचं टोक भिंतीला टेकलेलं असलं पाहिजे. टोक भिंतीपासून हातभर पुढे आलं असेल तर ती अर्ध्यापेक्षा जास्त आहे, आणि दुप्पट-अर्ध्याचा हिशेब तिथं लागू पडत नाही. फावड्यानं टोक भिंतीकडे सारून मग मोजा.